मुंगी घाटात पायऱ्या-रेलिंग हवं का?

माळशिरसचा भटक्या: सोलापूर जिल्ह्यात डोंगर नाहीत म्हणत आपण ट्रेकला सह्याद्रीत पळतो. शंभू महादेवाचं शिखर शिंगणापूर साताऱ्याच्या माण तालुक्यात असलं, तरी कोथळ्याकडून चढणारा मुंगी घाट आपल्याच बाजूचा. यात्रा सोडली तर सगळा ओस. अवघड टप्प्यांवर पायऱ्या आणि रेलिंग केलं तर पोराबाळांसकट जाता येईल. काय म्हणता?

कावडीचा खांदेकरी: अजिबात नको! चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडच्या भुत्या तेल्याची कावड ह्याच घाटानं चढते. कऱ्हा नदीच्या पाण्यानं भरलेले तांब्याचे रांजण. वरचा हात देतो, खालचा खांदा लावतो, माणसांची साखळी होते आणि "म्हाद्या धाव, मला पाव" म्हणत कावड वर सरकते. खालून बघितलं तर मुंग्यांची रांगच. रेलिंग आडवं आलं तर एवढी रुंद कावड फिरवायची कुठं, ते आधी सांगा.

सीनाकाठ: दादा, तुमची साखळी एक दिवस. मी भाद्रपदात गेलो, मुरमावरून घसरलो, गुडघा फुटला. साखळीत एकटा भाचा, तोही व्हिडिओ काढत होता.

नातेपुत्याची सून: सारीपाटात हरला म्हणून महादेव रुसून ह्या रानात आला, पार्वती भिल्लिणीच्या रूपात मागोमाग आली. अष्टमीला त्यांचं लग्न लागतं. तिला कुणी रेलिंग लावून दिलं होतं? :) थट्टा सोडा. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी नातेपुत्याहून गाडीरस्ता आहेच; माझ्या सासूबाई तसंच जातात. ह्या डोंगराला कायम तहान आहे ती पाण्याची. मालोजीराजांनी वर पुष्कर तलाव बांधला तो लोकांना पाणी मिळावं म्हणूनच ना? पैसा आला तर पायथ्याला पाण्याची टाकी करा. आणि ट्रेकवाल्यांनो, रिकाम्या बाटल्या परत न्या. यात्रेतला कचरा काय कमी आहे?

माळशिरसचा भटक्या: टाकीचं पटलं. रेलिंगचा हट्ट सोडतो. पण वाट चुकू नये म्हणून खुणा तरी?

कावडीचा खांदेकरी: चुन्याचे ठिपके चालतील. ऑइलपेंटनं बाण आणि नावं रंगवलीत तर मीच खरवडायला येईन. आणि उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, तिथं विडी-काडी नको.

सीनाकाठ: मग ह्या रविवारी उजाडायच्या आत कोथळ्यात. भाच्याला आणत नाही.