मदतीला बसल्यावर कीबोर्ड कोणाच्या हातात?

जुळे सोलापूरकर (धागा यांचा)

आमचा हौशी लोकांचा छोटा गट रविवारी सकाळी विजापूर रोडला एका मित्राच्या हॉलमध्ये जमतो. कुणी पायथन शिकतंय, कुणाचा सीचा प्रोग्राम अडलाय, कुणी जुना डेस्कटॉप रिक्षात घालून आणतं. पैसे कुणी घेत नाही. मागच्या बैठकीत एका मुद्द्यावर चांगलंच वाजलं, म्हणून तो इथे मांडतो. माझं मत ठाम आहे: मदत करणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही.

झालं असं. बीएस्सीचा एक मुलगा लिनक्स मिंट २२ घातलेलं मशीन घेऊन आला. पिपनं (पायथनच्या लायब्ररी बसवणारी कमांड) काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर. आमच्यातल्या एकानं खुर्ची ओढली, कमांडच्या शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय जोडला आणि एंटर मारलं. काम झालं, मुलगा खूश. पण त्या पर्यायाचं नाव तरी वाचा! मिंटचा अपडेट मॅनेजर आणि त्याची बरीच साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत, ती सिस्टिमच्याच पायथनवर चालतात. पिपनं मध्येच एखाद्या लायब्ररीची वेगळी आवृत्ती आणून ठेवली, तर उद्या भलतंच काहीतरी उघडायचं बंद होईल आणि त्या पोराला कारण कधीच कळणार नाही.

खरा उपाय त्याच एररच्या खालच्या ओळींत लिहिलेला असतो: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, करा. मी त्याला त्या ओळी मोठ्यानं वाचायला लावल्या. त्यानं स्वतः फोल्डर केला, एन्व्हायर्नमेंट चालू केलं, प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव आलं ते पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या प्रोजेक्टचं सामान वेगळं, सिस्टिमचं वेगळं." हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, ते कीबोर्ड त्याच्याकडे होता म्हणून. तुमची मतं सांगा.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

मालक, विद्यार्थ्याचं ठीक आहे. धंद्यातल्या माणसाचं काय? आमच्या एमआयडीसीत एका कारखान्यात १९ तारखेला संध्याकाळी फोन आला, जीएसटीची साइट उघडत नाही. ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. ब्राउझर 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणायलाय, आणि अकाउंटंट घाबरून अँटिव्हायरस काढून टाकायलाय. मी जाऊन आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सेल संपला की मशीन बंद केल्यावर घड्याळ मागं जातं, आणि तारीख चुकीची असली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं. सीआर २०३२ चा सेल बदलला, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख घातली, पाच मिनिटांत साइट सुरू. आता त्या वेळी मी अकाउंटंटला "तुम्हीच करा, मी बाजूला बसतो" म्हणायचं का? त्याला शिकायचं नव्हतं, रिटर्न भरायचं होतं. चादरीच्या लूमवर जेकार्डची, म्हणजे नक्षीची, कार्डं पंच करणारा वेगळा आणि विणणारा वेगळा. विणणाऱ्याला कोणी "आधी कार्ड पंच करायला शिक" म्हणत नाही, म्हणून तर माल निघतो.

जुळे सोलापूरकर

तुमचं उदाहरणच माझ्या बाजूचं आहे. तारीख चुकली की साइट अडते, एवढं त्या अकाउंटंटला कळलं असेल तर पुढच्या वेळी तो अँटिव्हायरस काढणार नाही. सेल तुम्ही बदला हो, पण तारीख त्याला दाखवलीत की नाही?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

दाखवली. पण रिटर्न भरून झाल्यावर, चहा घेताना. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या नियमात तो बसत नाही.

कन्ना चौकातली ताई

मला दोघांशीही भांडायचंय. "एरर वाच" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि एरर इंग्रजीत. तिसऱ्या भाषेतली चार ओळींची एरर, भोवती मोठी माणसं उभी, आणि एकेक की शोधत टाइप करायचं. माझी भाची अशाच एका ठिकाणी गेली होती. कीबोर्ड तिच्याच हातात होता, नियम पाळला होता. ती परत गेली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "सगळे माझ्या बोटांकडे बघत होते."

मग घरी मी तिला शिकवलं. पहिले चार-पाच दिवस टाइप मीच केलं, ती शेजारी बसून "आता काय होईल" ते सांगायची. पायथनमध्ये 'सोलापूर' या शब्दाची लांबी विचारली. ती म्हणाली चार. उत्तर आलं सात. मग आम्ही वही घेतली: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे कोड देतो त्यात, मात्रा स्वतंत्र मोजली जाते, म्हणून सात. मग तिनंच सुचवलं की शब्द उलटा करून बघू, आणि मात्रा भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या. केवढी हसली! त्या दिवशी तिनं कीबोर्ड माझ्याकडून ओढून घेतला. कीबोर्ड द्यायचा नसतो, समोरच्याला तो मागावासा वाटायला पाहिजे. आणि समजावणं पूर्ण मराठीत हवं, तेलुगू येत असेल तर तेलुगूत. हे तुमच्या गटात होतं का?

जुळे सोलापूरकर

ताई, मराठीत होतं. भोवती गर्दी होते हेही खरं. एका मशीनपाशी एकच जण बसेल, एवढं या रविवारपासून करतो. पण चार-पाच दिवस आपणच टाइप करायचं हे रविवारच्या दोन तासांत जमणारं नाही. तुमच्या भाचीला तुम्ही रोज होतात.

नवी पेठ डीटीपी

हौशी मंडळींबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. तुम्ही लोक मदतीला येता आणि स्वतःची आवड दुसऱ्याच्या मशीनवर घालता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीचं, विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी लागते. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "लिनक्स टाका." माझ्याकडे वीस-बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत, सगळ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी खिचडी दिसते. वर ते सॉफ्टवेअर विंडोजचं. कीबोर्ड माझ्या हातात देऊन मलाच माझी डिस्क पुसायला लावली, तर ती मदत झाली का? कीबोर्ड कुणाकडे यापेक्षा, आधी काय विचारता ते सांगा.

जुना मदरबोर्ड

डीटीपीवाल्यांशी शंभर टक्के सहमत, मी स्वतः मिंट वापरतो तरी. माणूस काय काम करतो, कुठलं सॉफ्टवेअर लागतं, बॅकअप आहे का, हे विचारल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढू नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून दाखवा, डिस्कला हात न लावता. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, बघू दे त्याला. आणि ४ जीबी रॅमचं, फिरत्या हार्ड डिस्कचं मशीन असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या वादाआधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. निम्म्या लोकांची "मशीन स्लो आहे" ही तक्रार तिथेच मिटते.

कॉलेजातले सर

मी सी शिकवतो, आणि लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर आहे. हौशी गटांतून मुलं येतात ती "व्हॉइड मेन चुकीचं, कोनिओ फेकून द्या" एवढं, म्हणजे टर्बो सीच्या सवयी सोडा एवढं, पाठ करून. ते बरोबरच आहे, पण प्रॅक्टिकल टर्बो सीवर होतं, आणि तुमच्या जीसीसीवर (लिनक्सवरचा सी कंपायलर) लिहिलेला प्रोग्राम तिथे अडला की पोरगं परीक्षकासमोर एकटं असतं. शिवाय त्या जुन्या कंपायलरकडूनही शिकण्यासारखं आहे. एका मुलीचा फॅक्टोरियलचा प्रोग्राम सातपर्यंत बरोबर, ५०४०. आठ दिले की उणे २५२१६. घरच्या लिनक्सवर तोच प्रोग्राम ४०३२० देतो. गटातल्या कुणीतरी तिला सांगितलं, "टर्बो सी भंगार आहे, सोड." विषय संपला! अहो, टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटचा, कमाल ३२७६७. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, उणे २५२१६ येतं. तिला कागदावर ही वजाबाकी करायला लावली, तेव्हा ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत न मावणं, काय असतं ते तिला पक्कं कळलं. कीबोर्ड तेव्हा कुणाच्याच हातात नव्हता.

जुळे सोलापूरकर

सर, हे "सोड" म्हणणं आमच्याकडे होतं, आणि ते थांबलं पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी माझा नियम मी सोडणार नाही. रिटर्न, पत्रिका, दुकानाचं बिलिंग असं अडलेलं काम घेऊन येणाऱ्यांसाठी हॉलच्या दुसऱ्या टोकाला वेगळं टेबल मांडू. तिथे जाणत्यानं बिनधास्त हात घालावा. टॉवेलवाले, त्या टेबलाला तुम्ही याल का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

येतो. सेलची पट्टी आणि एक एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जवळ ठेवतो. फक्त दुपारी १ च्या आत सोडा, लोडिंग असतं.

नवी पेठ डीटीपी

वेगळ्या टेबलाला माझा विरोध आहे. धंदेवाल्याला शिकायचं नसतं हे तुम्ही धरून चाललात. लग्नसराईत मला वेळ नाही, एवढंच. जूनमध्ये जुन्या पत्रिकांतल्या थोड्या फाइली आणतो, मजकूर युनिकोडमध्ये कसा न्यायचा ते मला बसून शिकायचंय. ताईंनी मात्रा मोजून दाखवल्या तसं कुणी जुन्या फॉन्टचे कोड वहीवर मांडून दाखवणार असेल, तर आत्ताच सांगा. मी फॉन्टचा तक्ता घेऊन येतो.