मदत हवी आहे: ‘द बेअर’ आईला दाखवावी का?

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला जाऊन दीड वर्ष झाले. त्या रात्री आलेला त्याचा फोन आपण उचलला नाही, याबद्दल आई अजून स्वतःला माफ करू शकलेली नाही. कुणाचाही फोन वाजला की तिचे हात आजही कणकेतच थांबतात.

२०२२ मध्ये आलेली ‘द बेअर’ ही अमेरिकी मालिका मी नुकतीच पाहिली. भावाच्या आत्महत्येनंतर त्याचे शिकागोतील सँडविचचे दुकान सांभाळायला आलेला कार्मी त्याच्या अंत्यविधीलाही गेलेला नसतो, आणि पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात, व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या बैठकीत, तो अडखळत सुमारे सात मिनिटे बोलतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. (आपल्याकडे अशा वेळी तो तीनदा गरगरतो, ते असो.)

दुकानातला आरडाओरडा आणि शिव्या आईला सोसणार नाहीत, म्हणून तेवढाच प्रसंग दाखवला तर मागचा संदर्भ नसताना तो तिच्यापर्यंत पोहोचेल का, की आत्महत्येच्या उल्लेखाने ती अधिकच खचेल? शोकात असलेल्या घरच्यांसोबत कुणी ही मालिका पाहिली असल्यास, किंवा येथे कुणी समुपदेशक असल्यास, कृपया सांगावे.