'झोराकी ताबिप' म्हणजे आपला 'जोर' का?

तुर्की नाटकांबद्दल वाचताना 'झोराकी ताबिप' हे नाव दिसलं, फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकाचं रूपांतर आहे आणि करणारा कोण तर अहमद वेफिक पाशा. हा झोर म्हणजे आपला जोरच ना? ताबिप म्हणजे तबियत बघणारा? आणि पाशा, म्हणजे तिकडचे बडे अधिकारी, नाटकं कधीपासून लिहायला लागले?

– झोर आणि जोर एकच, दोघांकडे फारसीतून आलाय, फक्त तुर्कीत 'झोर'चा अर्थ 'अवघड' असाही होतो, आणि झोराकी म्हणजे जबरदस्तीचा. ताबिप म्हणजे तबीब, वैद्य, जुन्या मराठीतही आहे, पण तबियतशी त्याचं नातं नाही हां, अरबीत दोन्हींचे धातू वेगळे. हेच नाटक हरि नारायण आपट्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' म्हणून आणलं आणि खरं सांगू, नावापुरते तरी आपटे भारी! मोलिएरचं दुसरं एक, तिकडे 'झोर निकाही', आपट्यांकडे 'जबरीचा विवाह'.

आता पाशा. वेफिक (१८२३-१८९१) शिकला पॅरिसमध्ये, तेहरान-पॅरिसला राजदूत होता, १८७७ च्या पहिल्या उस्मानी (ऑटोमन) संसदेतल्या प्रतिनिधीगृहाचा अध्यक्ष, आणि मधल्या वेळात मोलिएर. १८७९ ला बुर्साचा गव्हर्नर झाला तर तिथे थेटर उभं केलं, फासुल्याजियानची आर्मेनियन नाटक मंडळी आणली, तालमींना स्वतः बसून नटांचे उच्चार दुरुस्त करायचा. सांगतात की सरकारी लोकांना तिकिटं घ्यावीच लागायची आणि पाशाने टाळी वाजवली की सगळ्यांनी वाजवायची, म्हणजे प्रेक्षकही झोराकीच :)

– त्याची डिक्शनरी राहिली की. 'लेहजे-इ ओस्मानी', १८७६, तुर्कीचा अर्थ तुर्कीतच, आणि अस्सल तुर्की शब्द अरबी-फारसीपासून वेगळे काढलेले, जे तोवर कुणाला फारसं महत्त्वाचं वाटत नव्हतं. लेहजे म्हणजे आपला लहेजा, पण तिकडे अर्थ 'बोली'.

– आणि 'वकील'? १८७८ मध्ये सुलतान अब्दुलहमीदने 'सद्रआझम' (मुख्य वजीर) हे पद बाजूला ठेवून 'बाशवेकील' केलं, त्याचा पहिला बाशवेकील हाच वेफिक. बाश म्हणजे मुख्य, वेकील म्हणजे मंत्री, कोर्टातला नव्हे. आपल्याकडेही पेशवाईतला वकील दरबारातच बसायचा आणि महादजींनी पेशव्यांसाठी दिल्लीहून मिळवलेलं 'वकील-इ-मुतलक' (सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद आठवा, सद्रआझमलाही सुलतानाचा मुतलक वकीलच समजत. वेफिकची वकिली मात्र अडीच महिन्यांत आटोपली, १८८२ ला पुन्हा बोलावलं ते जेमतेम दोन-तीन दिवस. बुर्सातलं थेटर जास्त टिकलं म्हणायचं, तिथल्या सरकारी नाट्यगृहाला आजही त्याचंच नाव आहे.