मेल येतात पण जात नाहीत? आधी पोर्ट बघा
लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्राममध्ये मेल येतात पण पाठवलेले जात नाहीत, असा प्रश्न आहे. त्यावर अकाउंट काढून पुन्हा टाकलं की सगळं सुरळीत होतं, असं दोघांनी सांगितलंय. पण ती पायरी शेवटची ठेवा. खातं पॉपवर (मेल सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवून घेण्याची पद्धत) असेल तर जुने मेल फक्त त्याच लॅपटॉपवर असू शकतात, आणि अकाउंटबरोबर तेही जाऊ शकतात. आधी बॅकअप घ्याच.

इथे मेल येतायत, फक्त जात नाहीत. म्हणजे इंटरनेट चालू आहे. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो: मेल येतात ते आयमॅप पद्धतीने, बहुधा ९९३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक दिलेला दरवाजा), तर पाठवणं एसएमटीपी या वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या पोर्टवर. घरून काम सुरू केलं तेव्हा माझंही हेच झालं होतं. आउटबॉक्समध्ये सात मेल अडकलेले, खाली 'सेंडिंग'ची पट्टी अर्ध्यावर थांबलेली. मी दोनदा पासवर्ड बदलला, काही फरक नाही. शेवटी सेटिंग उघडलं तर पाठवण्याचा पोर्ट २५! ऑफिसच्या नेटवर्कमध्ये तो चालत होता, पण घरगुती कनेक्शनवर बरेच इंटरनेट पुरवठादार स्पॅम रोखायला २५ बंद ठेवतात. पोर्ट ५८७ आणि एन्क्रिप्शन (मेल सांकेतिक करून पाठवणं) स्टार्टटीएलएस केलं, मिनिटभरात सातही मेल गेले. काही सर्व्हरना ४६५ लागतो, तिथे एन्क्रिप्शन एसएसएल/टीएलएस निवडायचं. 'सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' (म्हणजे पाठवतानाही लॉगिन लागतं) यावरही टिक हवी.

सेटिंगला हात लावण्याआधी व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) वापरत असाल तर ते बंद करून आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकेकदा पाठवून बघा. हॉटस्पॉटवरून गेला, तर दोष घरच्या कनेक्शनकडे आहे आणि पासवर्डच्या मागे लागायची गरज नाही.