सहावी-सातवीची मुलं ओहोटीच्या कातळावर न्यायची आहेत, नेमकं काय करून घ्यावं?

फळा_खडू
राजापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. सहावी-सातवी मिळून ३४ मुलं, शिक्षक दोन. शाळेपासून वीस मिनिटांच्या चालीवर कातळाचा किनारा आहे, पलीकडे खाडी. दरवर्षीची ‘परिसर भेट’ म्हणजे शंख-शिंपले वेचायचे, डबा खायचा आणि दुसऱ्या दिवशी निबंध. यंदा मुलांनी स्वतः मोजमाप करावं आणि ते आकडे गणित-विज्ञानाच्या तासाला कामी यावेत, असं काहीतरी हवंय. मुलं दर्यावरचीच आहेत, त्यांना ‘हा बघा खेकडा’ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही.

कुठल्या दिवशी आणि किती वाजता जावं? दीड तासात खरोखर काय उरकतं? आणि साहित्य दीड हजारात बसेल का?

सुकती_भरती
आधी दिवस ठरवा, बाकीचं त्यानंतर. बहुतेक शाळा शनिवार बघून निघतात आणि नेमकी अष्टमीची भांग गाठतात. भांगेला ओहोटी दुपारच्या सुमारास असते खरी, पण पाणी फारसं मागे हटत नाही. खालचा कातळ उघडाच पडत नाही आणि वर डोक्यावर ऊन.

तिथीवरून अंदाज काढायची जुनी रीत मुलांकडूनच करून घ्या, अपूर्णांकांचा सराव होतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर ३ × पाऊण = सव्वादोन. त्यात सव्वासहा तास मिळवा, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. हा हिशोब मुंबईकडचा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, त्यामुळे राजापूर-मालवणकडे अर्धा ते एक तास आधी धरा. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो. म्हणजे द्वितीया-तृतीयेला पाणीही खूप उतरतं आणि वेळही सकाळी सात-आठची मिळते. शाळेसाठी याहून सोयीचं काही नाही. रोज ओहोटी साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेवढं धरूनच पर्यायी दिवस निवडा.

तिथीवरचा अंदाज वर्गापुरता. जायची वेळ मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरूनच ठरवा आणि त्यात वेळेच्या शेजारी दिलेली उंचीही वाचा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) लाटांचा इशारा बघा. आभाळ निरभ्र असतानाही लांबून आलेला लाटांचा फुगवटा कातळावर चढतो.

ओहोटीच्या सव्वा तास आधी कातळावर उतरा आणि पाणी तळाला गेल्यावर वीस मिनिटांत सगळे वर. पाणी वळल्यावर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच वाढतं, त्यामुळे पोरं निर्धास्त राहतात. तिसऱ्या-चौथ्या तासात तेच तिप्पट वेगाने येतं.

कातळपाय
दिवस ठरला असं धरून कामाचं सांगतो. एकच प्रश्न घेऊन जा: भरतीच्या रेषेपासून खाली जाताना कुठल्या उंचीवर कोण राहतं? त्याला तीन वस्तू लागतात, चौकट, गाठींची दोरी आणि दोन काठ्या.

चौकट: अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो. जोडल्यावर आतून ५० × ५० सेंमी भरली पाहिजे, म्हणून आधी एल्बो बसवून मोजा आणि मग कापा. नुसते ५० सेंमीचे तुकडे कापले तर एल्बोत जाणाऱ्या भागामुळे माप चुकतं. प्रत्येक बाजूला १० सेंमीवर आरपार भोकं पाडा आणि त्यातून तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) ओढा. उभे चार आणि आडवे चार धागे झाले की २५ घरं होतात, प्रत्येक घर ४ टक्के. त्याच भोकांतून पाइपात पाणी शिरतं आणि चौकट डबक्यात बुडते. भोकं बुजवली तर ती तरंगत राहते आणि मोजणी होत नाही. तीन चौकटी पुरतात.

दोरी: ३० मीटर सुंभ किंवा नायलॉन, दर दोन मीटरवर गाठ. वरचं टोक कोरड्या कातळावरच्या भरतीच्या खुणेला बांधा, खालचं पाण्याकडे. चौकट प्रत्येक गाठीला ठेवायची आणि तिचा डावा वरचा कोपरा गाठीवरच आला पाहिजे. हा नियम सोडलात तर मुलं चौकट जिथे कालवं आणि समुद्रफुलं दिसतात तिथे ठेवणार. मग ‘रिकामा कातळ’ कागदावर येतच नाही आणि निम्मा अभ्यास तिथेच बुडतो. चौकट फेकून ठेवायची पद्धत पुस्तकात असते, पण कातळावर ती करू नका. फुटते आणि कुणाला तरी लागते.

मोजायचं दोन प्रकारे. शेवाळ, बार्नेकल (कातळाला चिकटलेले कवचाचे बारीक जीव), कालवं ही चिकटून राहणारी मंडळी टक्क्यांत: अर्ध्याहून जास्त भरलेलं घर धरायचं, कमी भरलेलं सोडायचं. गोगलगायी, खेकडे, शंखातले खेकडे नगांत. खेकडे पळतात, म्हणून चौकट टेकवल्याबरोबर आधी तेच मोजा. बार्नेकल फार दाट असतील तर फक्त मधल्या घरातली मोजा. तोंड उघडं आणि आत पोकळ दिसलं तर ते मेलेलं, त्याचा रकाना वेगळा.

उंची: १.२ मीटरच्या दोन सरळ काठ्या. खुणा दर २ सेंमीवर, शून्य वरच्या टोकाला. दीड मीटरची काठी करू नका, सहावीतल्या मुलाचा डोळा वरच्या खुणांपर्यंत पोचत नाही. एक काठी गाठीवर, दुसरी पुढच्या खालच्या गाठीवर, दोन्ही सरळ उभ्या. वरच्या काठीशी उभ्या मुलाने खालच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेघ एका ओळीत आणायची आणि ती ओळ आपल्या काठीवर कुठल्या आकड्याला छेदते ते वाचायचं. तेवढा उतार. मध्ये उंचवटा आला आणि पुढची काठी वर गेली, तर उलटं: आपल्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून पुढच्या काठीवरचा आकडा वाचायचा आणि तो वजा लिहायचा. काठी तिरकी धरली की उत्तर बिघडतं. तिला दोऱ्याने एक नट लोंबकळत ठेवा, मुलं आपोआप सरळ धरतात. धुक्याने क्षितिज दिसत नसेल तर गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणा, पण तिच्यात बुडबुडा अडकला की आकडे खोटे येतात.

३४ मुलांचे सहा गट करा, चार गट सहाचे आणि दोन पाचचे. तीन गट चौकटीवर, तीन काठ्यांवर, पाऊण तासाने अदलाबदल. नोंद पेन्सिलने, तक्ता आधीच आखून. शाईला खारं पाणी लागलं की आठवड्यानंतर कागदावर निळा डाग तेवढा शिल्लक राहतो.

वर्गात आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर उंची, आणि त्या उतारावर जिथे जे सापडलं त्याची टक्केवारी. सगळ्या गटांचे आलेख एकाखाली एक लावले की मुलं स्वतःच बोलतात: अंतर वेगळं असलं तरी बार्नेकल साधारण त्याच उंचीला का? मग कोरडं पडण्याचा वेळ, ऊन, खाणारे आणि जागेची मारामारी यांच्याकडे वळा. हे उत्तर आधी सांगून टाकलंत तर मोजायचं कारणच संपतं.

पाइप, तंगूस, दोरी धरून दीड हजारात नक्की बसतं. प्लंबरकडे तुकडे उरलेले असतात, विचारा.

खाजणातला_तिवर
वरचं सगळं बरोबर आहे, पण ३४ मुलं आणि दोन मोठी माणसं कातळावर मला पटत नाही. सहा-सात मुलांमागे एक तरी मोठं माणूस हवं. गावातली दर्यावर्दी माणसं बोलवा, नाहीतर निम्मे गट खाडीकाठी ठेवा. चिपी-तिवराच्या (खारफुटीच्या झाडांच्या) कडेला तीच चौकट चालते, चिखलातून वर आलेली श्वासमुळं मोजायची. बांधावरूनच हात पोचेल तिथे, चिखलात उतरवू नका. गुडघाभर रुततं आणि आत कालवांच्या कडा असतात.

तिथे आणखी एक सोपा प्रयोग. तिवराच्या पानांवर दोन्ही बाजूंनी ओला कापूस फिरवून पुसा, देठाला धागा बांधून खूण करा आणि दोन तासांनी भिंगातून बघा. कोरड्या हवेत मिठाचे कण परत आलेले दिसतात. शेजारच्या कांदळाच्या पानावर ते नसतात, कारण कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. दमट सकाळी हे फसतं, दुपार बरी.

कातळावर जाल तर हे नियम पाळाच:
- पायात पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट. चप्पल नको.
- शंकूसारखा नक्षीदार शंख दिसला तर हात लावायचा नाही. आतला जीव डंख मारतो, विष जबर असतं.
- रबरासारखा हिरवट-तपकिरी गालिचा कातळावर असतो. तो जिवंत प्राणी आहे, घसरडा असतो आणि विषारीही असू शकतो. पाय नको, बोट नको.
- उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात.
- काहीही घरी न्यायचं नाही. पोवळी, समुद्रकाकड्या आणि काही शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात.

फळा_खडू
सर्वांचे आभार. पालकांतले चार जण यायला तयार होतील, दोन गट खाडीकडे ठेवतो. एक शंका: डबक्यातल्या पाण्याचा खारटपणा मोजता येईल का? हायड्रोमीटर शाळेत नाही.

कातळपाय
येईल. बॉलपेनची रिकामी पारदर्शक नळी घ्या, खालचं टोक मेणाने बंद करा आणि आत सायकलचे बारीक छर्रे टाका, एवढे की गोड्या पाण्यात नळी उभी राहून साधारण १२ सेंमी बुडेल. नळीच्या मधे बारीक छिद्र असतं, तेही मेणाने बुजवा, नाहीतर पाणी भरून ती हळूहळू बुडते आणि दोष कुठे आहे ते लवकर कळत नाही.

खुणा वर्गात करा: गोडं पाणी, मग एक लिटरला ३५ ग्रॅम मीठ, मग ७० ग्रॅम. दर वेळी नळी जेमतेम ३ मिमी वर येते, म्हणून खुणा टोकदार पेनाने. डबक्यात थेट सोडू नका, वाऱ्याने हलते. पाणी उंच बाटलीत घेऊन तिथे वाचा. तापमानही लिहा, कारण तापलेलं पाणी हलकं होतं आणि त्यामुळे आकडा थोडा कमी खारट दाखवतो. थर्मामीटर लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा कातळावर फुटला तर आवरता येत नाही.

सगळ्यात वरचं, उन्हाने आटलेलं डबकं आणि समुद्र यांची तुलना आधी करा, फरक तिथे चांगला दिसतो. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर तेच डबकं उलटा आकडा देईल, तोही लिहून ठेवा. आणि चौकटीला तंगूस पांढरी किंवा केशरी घ्या, हिरवी-निळी शेवाळावर दिसतच नाही.