टोपी कोणाची? चाहत्यांनी बनवलेल्या वस्तू आणि स्टुडिओंचे परवाने

लोकरवेडी
'अधोरेखित' यांनी या मंचावर परवा लिहिले की, चित्रपट-मालिकांच्या चाहत्यांनी बनवून विकलेली प्रत्येक बाहुली, टोपी आणि बिल्ला ही सरळ चोरी आहे, आणि विक्री थांबवण्याची स्टुडिओची नोटीस आल्यावर तक्रार करणाऱ्यांनी आधी परवाना का काढला नाही ते सांगावे. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

परवाना काढायचा कोणाकडून? स्टुडिओ परवाने देतात ते आगाऊ रक्कम भरू शकणाऱ्या आणि विक्रीची किमान हमी देऊ शकणाऱ्या कंपन्यांना. महिन्याला दहा टोप्या विणणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे अर्जाचा नमुनाही नसतो. एका स्टुडिओला मी तीन पत्रे लिहिली आणि एकाचेही उत्तर आले नाही. दोन वर्षांनी उत्तर आले ते नोटिशीच्या रूपाने, आणि तेही त्या मालिकेचा परवाना एका मोठ्या उत्पादकाला दिल्यानंतर.

'फायरफ्लाय' आठवा. २००२ साली सुरू झालेली ती अमेरिकी मालिका फॉक्स वाहिनीने एका हंगामात गुंडाळली. त्यानंतर दहा वर्षे त्यातल्या जेन या पात्राची ती नारिंगी-पिवळी कानटोपी चाहत्यांनी विणली, एकमेकांना विकली आणि मालिकेची आठवण जागी ठेवली. २०१३ मध्ये टोपीचा अधिकृत परवाना दिला गेला आणि त्यानंतर विणणाऱ्यांना नोटिसा गेल्या. टोपीला बाजार आहे हे स्टुडिओला त्या विणणाऱ्यांनीच दाखवले होते.

अधोरेखित
तुमच्या पत्राला उत्तर आले नाही हे वाईट झाले, पण उत्तर न मिळणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. अमेरिकी अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बॅटमॅनच्या 'बॅटमोबाइल' या गाडीची हुबेहूब प्रतिकृती विकणाऱ्याविरुद्ध निकाल दिला आणि ती गाडी स्वतःच प्रताधिकाराने (कॉपीराइटने) संरक्षित असलेले पात्र आहे असे म्हटले. दुसरे असे की, स्टुडिओने आज दहा टोप्यांकडे दुर्लक्ष केले तर उद्या दहा हजार टोप्या विकणाऱ्यावर त्याचा हक्कच उरणार नाही. नोटीस पाठवणे ही त्याची अपरिहार्यता आहे.

कायद्याची बाराखडी
हा गैरसमज इतक्या वेळा वाचला आहे की आता राग येतो. वापरणाऱ्यांकडे सतत दुर्लक्ष केल्याने कमकुवत होतो तो ट्रेडमार्क, म्हणजे नाव आणि चिन्ह यांवरील हक्क. प्रताधिकार तसा संपत नाही. हक्कधारक एकाला सोडून दुसऱ्यावर दावा लावू शकतो. मालिकेचे नाव आणि चिन्ह यांच्याबाबत तुमचा मुद्दा काही अंशी टिकेल, टोपीबाबत टिकणार नाही. 'अपरिहार्यता' हा शब्द कृपया मागे घ्यावा.

रेघोटी
आमच्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. मी परवानाधारक उत्पादकासाठी चित्रे काढते आणि माझे मानधन विक्रीच्या प्रमाणात ठरते. गेल्या वर्षी माझ्या एका संचाची दुसरी छपाई रद्द झाली, कारण तशाच पात्रांचे स्वस्त बिल्ले 'चाहत्यांचे प्रेम' म्हणून सगळीकडे विकले जात होते. त्या प्रेमाची किंमत स्टुडिओने नव्हे, मी मोजली. स्टुडिओ म्हणजे केवळ एक श्रीमंत इमारत, असे समजून लिहिणे थांबवावे.

शाईचा डाग
रेघोटी, तुमचे दुःख खरे आहे, पण माझेही ऐका. एका पात्राचे चित्र मी स्वतःच्या शैलीत काढले आणि कधीही विकले नाही. ते उचलून एका अनोळखी विक्रेत्याने टी-शर्टवर छापले. मी विक्री-संकेतस्थळाकडे तक्रार केली, तेव्हा मूळ पात्राचे हक्क माझ्याकडे आहेत का, असा प्रश्न आला. चोराला कोणीही काही विचारले नाही.

अधोरेखित
तो प्रश्न योग्यच होता. अमेरिकी कायद्यानुसार, मूळ कृतीचा बेकायदा वापर ज्या भागात झाला आहे त्या भागाला संरक्षण मिळत नाही. 'रॉकी' चित्रपटांच्या पात्रांवर परवानगीविना पुढील भागाची कथा लिहिणाऱ्या लेखकाचा दावा १९८९ मध्ये याच कारणाने टिकला नाही.

शाईचा डाग
म्हणजे तीन आठवडे बसून मी ओढलेल्या रेषा उचलायला कोणीही मोकळा? तुम्ही कलमे सांगत आहात आणि मी माझ्या हाताबद्दल बोलत आहे. स्वतःचे काही चोरीला गेल्याशिवाय इतक्या थंडपणे असे लिहिता येत नाही.

रेघोटी
येथे मी शाईचा डाग यांच्या बाजूने आहे, जरी तसे म्हणणे मला आवडत नसले तरी. टी-शर्ट छापणारा आम्हा दोघींचाही चोर आहे.

लोकरवेडी
परवानगी हवी हे मी कधी नाकारले? ती मिळण्याची वाट असावी, एवढेच म्हणते. जपानमधील 'वंडर फेस्टिव्हल' या पात्रांच्या छोट्या मूर्तींच्या मेळाव्यात हौशी मूर्तिकारांसाठी एका दिवसाचा परवाना असतो. मूर्तिकार आयोजकांमार्फत काही महिने आधी अर्ज करतात, हक्कधारक नमुना पाहून होकार किंवा नकार देतात आणि विक्री फक्त त्या दिवशी होते. हक्कधारकाचा मान राहतो आणि मूर्तिकाराला चोरासारखे वागावे लागत नाही. उलट २०१९ च्या अखेरीस डिस्नेच्या 'मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स' मालिकेतील बाळ ('बेबी योडा') लोकप्रिय झाले, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून डिस्नेने बाहुल्या तयारच ठेवल्या नव्हत्या. लोकांनी हाताने विणल्या, आणि २०२० च्या सुरुवातीला त्या विक्रीतून काढायला लावण्यात आल्या. एका दिवसाच्या परवान्यासारखे काही असते, तर त्या विणणाऱ्यांना निदान अर्ज तरी करता आला असता.

अधोरेखित
'अपरिहार्यता' हा शब्द मागे घेतो. वंडर फेस्टिव्हलची पद्धतही मान्य आहे, परंतु ती परवानगीची पद्धत आहे, म्हणून तिला तुमच्या बाजूचा पुरावा समजू नये. हक्कधारकाने नकार दिला तर तुम्ही विणणे थांबवाल का, याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

लोकरवेडी
विकणे थांबवीन, विणणे नाही. चौथे पत्र आज पाठवले आहे आणि त्यात एका दिवसाच्या परवान्याची माहिती जोडली आहे.

शाईचा डाग
माझ्या चित्राचा टी-शर्ट आजही विक्रीला आहे.