शेजारच्या विहिरीला पाणी, आमची बोअर कोरडी: खडक वेगळा असतो का?

प्रश्न (मोहोळ): शेजाऱ्याच्या विहिरीला ४० फुटांवर पाणी आहे, आमची बोअर ३०० फूट जाऊनही नुसती धूळ. जिल्हाभर एकच काळा दगड आहे ना? कोकण-विदर्भात काय असतं?

उत्तर (बार्शी): दगड बेसाल्टच, पण थरांचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरला. थराचा माथा बुडबुड्यांचा, भोकांत पांढरे खडे: हा मांजऱ्या. तो कुजलेला असला तर पाणी धरतो. खालचा पाषाण घट्ट, फटी असतील तरच पाणी. दोन थरांत लाल गेरू लागला तर सावध राहा, ओला झाला की ढासळून बोअर बुजवतो. दर १० फुटांचा चुरा वेगळा ठेवा, रंगावरून थर कळतो. केसिंग (बोअरमध्ये घालतात तो पाइप) मुरूम संपून पक्क्या खडकात बसलंच पाहिजे. नुसती खोली वाढवून उपयोग नाही, आपल्याकडे बरंचसं पाणी वरच्या मुरमात आणि फटींतच असतं.

उत्तर (अक्कलकोट): रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा. पाऊस झटकन मुरतो, तसाच उताराने निघूनही जातो, म्हणून उन्हाळ्यात टंचाई. भंडारा-गडचिरोलीकडे ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक), चंद्रपुरात कोळशाबरोबरचा वाळूखडक. आपल्या अंगणातली शहाबादी फरशी मात्र कर्नाटकातल्या चुनखडकाची.

प्रश्नकर्ता: मग नवीन जागा कुठे बघू?

उत्तर (बार्शी): माळावर नको, ओढ्याच्या काठी, मुरूम जाड असेल तिथे. आधी विद्युत रोध तपासणी (जमिनीत वीज सोडून खाली पाणी असेल का याचा अंदाज घेणं) करून घ्या.